भरवताना फोन, शेतात फोन, सुरतेहून फोन

लहान मुलांच्या हाती मोबाइल द्यावा का, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत ‘द्यावा का’ असं विचारणारी थोडी होती. ‘दिलाय, आता काय करू’ हीच जास्त. त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं एक बालरोगतज्ज्ञ, एक वाचा-उपचारतज्ज्ञ आणि मोबाइल वापराचं प्रशिक्षण देणारे एक शिक्षक यांनी मिळून दिली आहेत.

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे दर उत्तरात ते उगाळायला नकोत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं ते असं: दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको, २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी झालं तर उत्तम. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही तसंच आहे, फक्त दोन वर्षांखालच्या मुलाला नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल करायची सूट आहे. या तासात टीव्हीही धरायचा. मोबाइल एक तास आणि टीव्ही वेगळा, असा हिशेब नाही.

नातू १४ महिन्यांचा आहे. आठव्या महिन्यापासून मोबाइल समोर धरल्याशिवाय तोंड उघडत नाही. एका जेवणाला तास जातो. सून कामावर जाते, भरवायचं माझ्याकडे. फोन बंद केला तर उपाशी राहतो, मग रात्री बाटलीने दूध द्यावं लागतं. दिवसाला चार बाटल्या होतात.
— आजी, रावेर तालुका

आजी, या पत्रातली खरी गोम शेवटच्या वाक्यात आहे. चार बाटल्या म्हणजे साधारण ८०० मिली दूध. एवढं दूध पोटात गेल्यावर भाकरीला जागाच राहत नाही. त्यातून दुधात लोह फार कमी. रक्तातलं लोह घटलं की भूक आणखी मरते. म्हणून फोनच्या आधी दुधाला हात घाला. दिवसाला ४०० ते ५०० मिली पुरे, तेही वाटीतून किंवा पेल्यातून आणि जेवणानंतर. रात्रीची बाटली सगळ्यात शेवटी सुटते, ती रोज थोडी थोडी कमी करा.

फोनवर भरवताना काय होतं, ते एकदा पोराच्या तोंडाकडे बघून समजून घ्या. नजर चित्रावर खिळलेली असते, ओठाला चमचा लागला की तोंड आपोआप उघडतं. घास चावला जात नाही, गालात धरून ठेवला जातो किंवा तसाच गिळला जातो. चव कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही. जेवण म्हणजे काय हे त्याला अजून माहीतच नाही, त्याच्या लेखी ती चित्रं बघायची वेळ आहे. आणि ठसका लागला तर तो उशिरा लक्षात येतो, कारण तुमचीही नजर फोनवर असते.

सगळी जेवणं एकदम बदलू नका. दुपारचं एक घ्या. त्याआधी अडीच-तीन तास दूध, बिस्किट, कुरकुरे काही नाही, फक्त पाणी. जमिनीवर सगळ्यांबरोबर बसवा आणि त्याच्यासमोर त्याची स्वतःची ताटली ठेवा. तुम्ही चमच्याने भरवाल तेवढंच त्यानेही हाताने उचललं पाहिजे, म्हणून उचलता येईल असं वाढा: वरणात कुस्करलेल्या बट्टीचे मऊ गोळे वरून तूप सोडून, मिरची न घातलेलं भरीत, दुधात भिजवलेली कळण्याची भाकरी, केळ्याचे तुकडे. रावेरात केळ्याला काय तोटा? अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र नकोत, घशात अडकतात. या वयाला एका वेळी पाऊण ते एक वाटी (२५० मिलीची) अन्न लागतं, दिवसातून ३-४ वेळा, आणि मधे एक-दोनदा खाऊ. आपण ताट भरून वाढतो आणि ‘काहीच खाल्लं नाही’ म्हणतो, ते मोजमाप चुकीचं.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताटली उचला. रागावू नका, मागे लागू नका, पुढचं खाणं तीन तासांनी. अंग मातीने, कपडे वरणाने भरतील, भरू द्या.

बिघडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पोर फार कमी खातं, भोकाड पसरतं, शेजारीण म्हणते ‘पोरगं सुकलं’, आणि आबा ओट्यावरून फोन घेऊन येतात. वीस मिनिटं रडल्यावर फोन दिला की पोर एकच गोष्ट शिकतं: वीस मिनिटं रडायचं असतं. पुढच्या वेळी ते पंचवीस मिनिटं रडेल. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला सांगा, आबांना आधी. पाच दिवस दुपार जमली की सकाळ घ्या, मग संध्याकाळ. पंधरवड्यात बहुतेक मुलं वळणावर येतात.

धास्ती वाटत असेल तर आज अंगणवाडीत वजन करून घ्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करा. पहिल्या वाढदिवसानंतर मूल वर्षभरात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणजे महिन्याला २०० ग्रॅमच्या आसपास. बाळपणी वजन भराभर वाढतं, त्या मानाने आता भूक आपोआप कमी होते. तो आजार नाही. वजन उतरलं, लघवी कमी झाली, मूल मलूल दिसलं किंवा नखं-ओठ फिके वाटले तर डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मुलगा अडीच वर्षांचा. दहा-बारा शब्द बोलतो. पण मोबाइलवरची इंग्रजी गाणी, एबीसीडी, रंगांची नावं घडाघड म्हणतो. घरात अहिराणी बोलतात. एकाने सांगितलं, अहिराणी बंद करा, एकाच भाषेत बोला, म्हणजे बोलेल. दुसरा म्हणतो, मोबाइलमुळे ऑटिझम झाला. काय खरं?
— आई, शिरपूर

दोन्ही खरं नाही, पण थांबण्यासारखंही नाही.

आधी भाषेचं. घरात अहिराणी आणि बाहेर मराठी, याने बोलणं अडत नाही. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे शब्द दोन्ही भाषांत वाटलेले असतात, म्हणून मोजताना दोन्हींतले मिळून मोजायचे. ‘पानी दे’, ‘गाय उनी’ (गाय आली), ‘बा गया’ (बाबा गेला) ही पुरती दोन शब्दांची वाक्यं झाली. उलट आजी-आजोबांना जी भाषा सहज येते ती बंद केली तर घरात त्याच्याशी बोलणारी माणसंच गप्प होतील. अवघडून बोललेल्या चार इंग्रजी शब्दांपेक्षा ‘आठे ये’ (इकडे ये), ‘भूक लागनी का’ हेच त्याच्या कामाचं.

आता घडाघड येणारी गाणी. ती बोलण्यात मोजू नका. बोलणं म्हणजे दुसऱ्याला काही सांगायला वापरलेला शब्द. ‘रेड, ब्लू, येलो’ म्हणणारा मुलगा लाल चेंडू हवा असताना ‘लाल’ म्हणतो का? तहान लागल्यावर बोट दाखवतो, शब्द काढतो, की तुमचा हात धरून माठाकडे ओढत नेतो? आज दिवसभर हे बघा आणि कागदावर लिहा. तपासणाऱ्याला त्या कागदाचा फार उपयोग होतो.

सोळाव्या महिन्यापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडले नाहीत, तर तपासणी लागतेच. तुमच्या मुलाची ती मुदत उलटून गेली आहे. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ म्हणून वर्ष घालवू नका. सुरुवात कानांपासून करा. थोडं कमी ऐकू येणारं मूलही भांडं पडल्यावर दचकतं, त्यामुळे घरी टाळी वाजवून घेतलेली परीक्षा फसवी असते. बेरा नावाची कानांची तपासणी झोपेत होते आणि दुखत नाही. नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजर देत नाही, काही दाखवायला बोट करत नाही, हेही असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, आणि हे मोफत असतं. तुमच्या अंगणवाडीत पथक कधी येणार ते सेविकेला विचारा. लांबणार असेल तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

ऑटिझम मोबाइलमुळे होत नाही. तो जन्माआधीपासून मेंदूच्या घडणीत असतो. मोबाइलने होतं ते वेगळं: जे मूल आधीच कमी बोलतं त्याला बोलायची गरजच उरत नाही. चित्र त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही थांबता. एवढाच फरक आणि तोच मोठा. दोन वर्षांच्या आसपासची मुलं समोरच्या माणसाकडून जे पटकन शिकतात, तेच पडद्यावरून फार कमी उचलतात.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत हे करा. मोबाइल बंद, आणि कोणी बघत नसताना पाठीमागे चालू असलेला टीव्हीही बंद. टीव्ही चालू असला की मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात. रोज १५-१५ मिनिटं दोनदा त्याच्यासमोर जमिनीवर बसा, तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीला. तो जे करतोय त्यावर एक-दोन शब्द बोला: ‘गाडी पडली.’ मग मनातल्या मनात पाचापर्यंत मोजून थांबा. हे थांबणंच जमत नाही, आपण लगेच पुढचं बोलून टाकतो. त्याने ‘गाई’ म्हटलं तर ‘गाई उनी’ म्हणून एक शब्द जोडून परत द्या. ‘म्हण ना, गाई म्हण’ असा तगादा लावू नका. हवी ती वस्तू दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवा, म्हणजे मागायला कारण मिळेल. आणि आजीला भुलाबाईची गाणी येत असतील तर एक ओळ म्हणून शेवटचा शब्द सोडून द्यायला सांगा. तो शब्द पोर भरतं.

मी सुरतला कामाला, बायको आणि ११ महिन्यांची मुलगी शहाद्याला. रोज व्हिडिओ कॉल करतो. तोही बंद करायचा का?
— वडील

नाही. व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस तिच्या आवाजाला उत्तर देतं, म्हणून ही सूट. पण पाच ते दहा मिनिटं पुरे, आणि फोन तिच्या हाती नको. आईने तिला मांडीवर घ्यावं, फोन लोट्याला टेकवून हातभर लांब ठेवावा, खिडकी तुमच्या तोंडासमोर असावी, पाठीमागे नको; नाहीतर तिला बाप म्हणजे काळी सावली दिसते. रोज एकच खेळ खेळा: रुमालाआड तोंड लपवून ‘बुवा कुक’, किंवा तुम्ही टाळी वाजवली की आईने तिची वाजवायची. नेट अडखळलं आणि ओठ-आवाज पुढेमागे झाले तर बंद करून पुन्हा लावा, तेवढ्यात ती बिचकते. कॉल संपला की फोन लगेच नजरेआड. बऱ्याच घरात इथेच पाय घसरतो: बाप दिसला, मग गाणं लागलं, मग अर्धा तास गेला.

कापूस वेचणीला जाते. तीन वर्षांची पोरगी बरोबर नेते, घरी कोणी नाही. निंबाखाली बसवून फोन देते, नाहीतर ती सऱ्यांमध्ये शिरते. लोक नावं ठेवतात. पण दुसरं काय करू?
— आई, धुळे तालुका

ताई, नावं ठेवणाऱ्यांनी आठ तास पोर सांभाळून दाखवावं. फवारलेल्या पऱ्हाटीत पोरगी फिरण्यापेक्षा सावलीत फोन घेऊन बसलेली बरी, यात शंका नाही. तीन वर्षं पूर्ण झाली असतील तर आधी अंगणवाडीत नाव घाला. सकाळचे काही तास तरी सुटतात आणि गरम आहार मिळतो.

उरलेल्या वेळेसाठी टोळीतच व्यवस्था होऊ शकते. लहान पोरं असलेल्या पाच जणी असाल तर पाळीपाळीने एकीने मुलांजवळ थांबायचं. हिशेब सोपा आहे. समजा प्रत्येक जण दिवसाला ४० किलो वेचते. चौघींनी आपल्यातला ८-८ किलोचा पैसा थांबलेलीला दिला, तर तिचे ३२ किलो झाले आणि चौघींकडेही ३२-३२ उरले. पाचही जणींचं सारखं, आणि पाच दिवसांत एकदा बसायची पाळी. अर्थात पोर जवळ नसल्याने चौघींचा वेचा ४० च्या वर जातो, त्यामुळे तोटा दिसतो तेवढा होत नाही.

एकटी असाल तर फोन पूर्ण सुटणार नाही, पण दिवसभर चालायचीही गरज नाही. सावली बदलते तशी तिची जागा बदला, आणि झाडापासून तुमची सरी जवळची धरा. खेळायला जुनं चाळणं, प्लॅस्टिकच्या वाट्या, चिंध्यांचा चेंडू, मातीचा ढीग. सरकी, खडे, बिया हाताशी ठेवू नका. या वयात त्या नाकात जातात. औषधाचे रिकामे डबे तर चुकूनही नाहीत, धुतलेले सुद्धा. फोनवर आधी नुसता आवाज लावा. तुमच्याच आवाजात सांगितलेली गोष्ट रात्री रेकॉर्ड करून ठेवा, फोन पिशवीत घालून फांदीला अडकवा. पडदा काळा, ती हिंडत ऐकते. चित्र दाखवायचंच तर दोन पाळ्या ठरवा, वीस-वीस मिनिटांच्या: एक जेवणानंतर तासाने, पण तिला पेंग येण्याच्या आधी नको; दुसरी वजनकाट्याच्या वेळी, जेव्हा तुम्हाला दोन्ही हात लागतात. फोन उन्हात तापतो. पाठीमागून हाताला चटका बसत असेल किंवा झाकण फुगून वर आलं असेल तर तो पोराच्या हाती देऊच नका, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

चार वर्षांच्या मुलाला रोज अर्धा तास देतो. पण तो कुठून कुठे जातो कळत नाही. एकदा साहेबांना व्हिडिओ कॉल लावला. फोन सुरक्षित कसा करू?
— वडील, भुसावळ

साहेबांवर निभावलं म्हणायचं. अँड्रॉइड फोन धरून सांगतो. मेनूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोध-चौकोनात शब्द टाकून शोधा.

सगळ्यात उपयोगी सोय म्हणजे ॲप पिनिंग. सेटिंग्जमध्ये सुरक्षा, त्यात ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘पिन ॲप’ चालू करा, आणि त्याखालचं ‘बाहेर पडताना पिन विचारा’ हेही चालू करा. हे दुसरं राहिलं तर पहिल्याचा उपयोग नाही, पोरं दोन दिवसांत वाट काढतात. मग हवं ते ॲप उघडा, नुकत्याच वापरलेल्या ॲप्सच्या यादीत जा, वरच्या चिन्हाला स्पर्श करून ‘पिन’ निवडा. आता मुलगा त्या एका ॲपच्या बाहेर जात नाही, साहेबही वाचतात. सोडवायला तीन बटणांच्या फोनमध्ये ‘मागे’ आणि ‘अलीकडील’ ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची. बटणं नसतील तर खालून वर सरकवून बोट धरून ठेवायचं.

त्या एका ॲपमध्ये काय असावं? साधं यूट्यूब नको. यूट्यूब किड्स घ्या, वय ४ वर्षं किंवा कमी निवडा, आणि पालकांच्या सेटिंगमध्ये ‘फक्त मंजूर केलेलं’ हा पर्याय घ्या. तुम्ही निवडलेलेच चॅनल दिसतात आणि शोधायची सोय बंद होते. मोठ्यांची खात्री म्हणून ते गुणाकार विचारतं. आज चालेल, पण पहिली-दुसरीतली ताई घरात असेल तर टिकणार नाही, आपला चार आकडी कोड घाला. कुलपाच्या चिन्हात टायमर आहे, तो २० किंवा ३० मिनिटांवर लावा. ऑटोप्ले बंद आहे ना ते पाहा.

आम्हाला याहून साधा उपाय जास्त आवडतो. तीन-चार छोटे व्हिडिओ, आजोबा बैल जुंपताना, मावशी मांडे करताना, कानबाईची मिरवणूक, असे तुम्हीच काढून फोनमध्ये ठेवा. एअरप्लेन मोड लावा आणि मग पिन करा. जाहिरात नाही, पुढचं आपोआप येत नाही, आणि संपलं की खरंच संपतं.

पैशाचं आता. यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक नसेल तर नेहमीचा व्यवहार होत नाही. पण यूपीआय लाइट चालू असेल तर १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय जातो. ज्या फोनला मूल हात लावतं त्यावर लाइट ठेवू नका, किंवा पैशाच्या ॲपला वेगळं कुलूप घाला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला खातरजमा मागायला सांगा. खरेदीच्या ॲपवर पत्ता साठवलेला असेल तर ‘घरी आल्यावर पैसे’ या पर्यायाने वस्तू मागवल्या जातात. चार दिवसांनी दारात खोकं येतं तेव्हा कळतं. आणि पॉवरचं बटण भराभर दाबलं की बऱ्याच फोनमधून ११२ ला कॉल लागतो. लहान मुलाला बटण दाबायला फार आवडतं, तेव्हा तेही सेटिंग एकदा बघून ठेवा.

वेगळा जुना फोन देणार असाल तर सिम काढा, जुनी खाती पुसा, बॅटरी तपासा, आणि चार्जिंगला लावलेला असताना हातात देऊ नका.

साडेतीन वर्षांचा मुलगा फोन काढून घेतला की जमिनीवर डोकं आपटतो. ‘बॅटरी संपली’ असं खोटं सांगतो, तेही आता चालत नाही.
— आई-वडील, अमळनेर

चालणार नाहीच. चौथ्या दिवशी पोर चार्जर घेऊन येतं.

या वयाला ‘दहा मिनिटं’ म्हणजे काय ते कळत नाही, ‘दोन गाणी’ कळतात. म्हणून गाण्यांवर ठरवा आणि सुरू करण्याआधी बोटं दाखवून सांगा. दुसरं गाणं लागलं की जवळ जाऊन बसा, ‘हे शेवटचं’ म्हणा, त्यात काय चाललंय त्यावर दोन वाक्यं बोला. चालू गाण्याच्या मधे फोन ओढू नका. गाणं संपलं की बंदचं बटण त्याच्याच बोटाने दाबायला लावा. स्वतः बंद केलेल्या गोष्टीवर मुलं कमी रडतात. आणि पुढचं काम हाताशी तयार हवं, तेही अंग हलवणारं: झाडांना पाणी घालणं, कुत्र्याला भाकरी टाकणं, बादलीत मोजे धुणं.

डोकं आपटलं तर खाली चादर सरकवा, जवळ बसा, बोलू नका, फोन देऊ नका. पहिले तीन-चार दिवस आकांत वाढतो. तिथे घर हरतं, कारण वाटतं उपाय उलटला. तो उलटलेला नसतो. दहा-बारा दिवस सगळ्यांनी सारखं वागलं तर आकांत उतरतो. शहाणपणाचं बक्षीस म्हणून फोन द्यायचाही नाही, नाहीतर त्याचा भाव तुम्हीच चढवता. फोन नसतानाही डोकं आपटत असेल, किंवा बरोबर बोलणं मागे असेल, तर दाखवून घ्या.

मोबाइलने डोळे जातात का? निळ्या काचेचा चष्मा घ्यावा का?
— पाचोरा

डोळे जात नाहीत. जवळचं सतत बघणं आणि घराबाहेर कमी वेळ, यांनी लांबचं न दिसण्याचा नंबर लागण्याची शक्यता वाढते. आई-बापाला नंबर असेल तर अधिक. निळ्या काचेने डोळ्यांचा ताण कमी होतो याला भक्कम पुरावा नाही, ते पैसे वाचवा. रोज सुमारे दोन तास बाहेरच्या उजेडात खेळणं जास्त कामाचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा ते दोन तास सकाळी साडेआठच्या आत आणि सहानंतर वाटून घ्या. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्या बल्बच्या कितीतरी पट असतो. फोनपेक्षा टीव्ही बरा, कारण तो लांब असतो. अंधाऱ्या खोलीत पांघरुणाखाली फोन तर नकोच, आणि झोपेआधीचा एक तास पडदा बंद. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. डोळा तिरळा दिसत असेल किंवा मूल मान वाकडी करून बघत असेल तर वय कितीही असो, लगेच तपासा.

फोन नको म्हणून बोलणारी, गाणारी खेळणी आणली. ती बरी ना?
— काका, चोपडा

स्क्रीनच्या दृष्टीने बरी, पण आधी उलटून मागचं झाकण बघा. बऱ्याच स्वस्त खेळण्यांत, टीव्हीच्या छोट्या रिमोटमध्ये, वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात नाण्यासारखा चपटा सेल असतो. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं परत करा. हा सेल गिळून अन्ननलिकेत अडकला तर थुंकीतून वीज वाहते आणि दोन तासांत आतून भाजतं. मूल सुरुवातीला फक्त लाळ गाळतं किंवा खायला नको म्हणतं. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, खायला देऊ नका, तडक एक्स-रे असलेल्या रुग्णालयात जा. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास व्हायचे असतील तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यासाठी थांबायचं मात्र नाही. एक वर्षाखाली मध नाही. वापरलेले सेलही तितकेच धोक्याचे, तेव्हा काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि वरच्या फडताळात ठेवा.